आत या, घर तुमचंच हाय

१

भाऊसो पुण्याला कुठल्याशा सेमिनारला जाऊन आले आणि माझ्या शुक्रवारांची वाट लागली. त्याआधी शुक्रवार म्हणजे सकाळी अंबाबाईचं दर्शन, दिवसभर दोन-चार जाहिराती आणि संध्याकाळी वेळेवर घरी, एवढंच मला ठाऊक होतं.

भाऊसो आमचे मालक, बिल्डर. उचगावच्या बाजूला त्यांच्या इमारती उठत होत्या. गिऱ्हाईक कोण, तर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतले इंजिनिअर, कॉलेजातले प्राध्यापक, डॉक्टर, पुण्यात नोकरीला गेलेली कोल्हापूरची पोरं. २००८ साल होतं. या मंडळींचे ई-मेलचे पत्ते झाले होते आणि भाऊसोंनी ते बांधकामाच्या एका प्रदर्शनात लकी ड्रॉच्या कुपनांवर गोळा केले होते. त्या पत्त्यांवर दर शुक्रवारी आमचा मेल जायचा. वर इमारतीचं चित्र, खाली चार वाक्यं आणि सगळ्यात शेवटी एक ओळ. ती ओळ दाबली की नाव आणि फोन नंबर भरायचा आणि रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायला यायचं. माणसं यायची ती त्या एका ओळीच्या जिवावर.

सेमिनारात भाऊसो शिकून आले ते असं. पत्त्यांचे दोन भाग पाडायचे. चित्र तेच, वाक्यं तीच, फक्त शेवटची ओळ वेगळी. जिच्यावर जास्त माणसं येतील ती ठेवायची, दुसरी फेकून द्यायची आणि पुढच्या शुक्रवारी तिच्यासमोर नवी ओळ उभी करायची. एक ओळ मी लिहायची, दुसरी प्रसेनजीतनं.

मला हसू आलं. मी, अतुल, साड्यांच्या दुकानांपासून ट्रॅक्टरच्या शोरूमपर्यंत सगळ्यांच्या जाहिराती लिहिलेला माणूस. प्रसेनजीत पेठ वडगावचा, कॉम्प्युटर सांभाळायला घेतलेला, वयानं माझ्याहून बराच लहान. त्यानं जन्मात कधी जाहिरात लिहिली नव्हती. मी लिहिलं, ‘आपल्या स्वप्नवास्तूचे द्वार उघडण्यासाठी येथे क्लिक करा.’ त्यानं लिहिलं, ‘आत या, घर तुमचंच हाय.’ हे कुठून आणलंस म्हणून विचारलं, तर म्हणाला, आमची आई दारात आलेल्या प्रत्येकाला असंच म्हणते.

सोमवारी निकाल कळला. माझ्या ओळीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं आली होती. त्याच्या ओळीवर जिना भरला होता.

२

भाऊसोंनी मिसळ मागवली आणि जाहीर केलं की दसऱ्याला ज्याची ओळ टिकून असेल त्याला सॅम्पल फ्लॅट, आतल्या फर्निचरसकट, निव्वळ बांधकामाच्या खर्चात. भाऊसो बोलले म्हणजे बोलले.

मी आणि श्रुती मंगळवार पेठेत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. श्रुती शाळेत गणित शिकवायची. आमचं लग्न स्वतः जमवलेलं, त्यामुळे घरी मी ‘अहो’ नव्हतो, ‘अतुल’ आणि ‘तू’ होतो, आणि मालकीणबाईंना त्याचंही वाईट वाटायचं. नळाला पाणी त्यांच्या मर्जीनं, पाहुणे त्यांच्या मर्जीनं, गच्चीवर पापड वाळवायचे ते त्यांचे वाळून झाल्यावर. श्रुती कधी तक्रार करायची नाही. फक्त आधी ती हसायची, मोठ्यानं, पदर तोंडावर न घेता, आणि ते हसणं त्या दोन खोल्यांत कधी बंद झालं ते मला कळलं नव्हतं.

सॅम्पल फ्लॅटचं सांगितल्यावर तिचे डोळे चमकले, पण बघायला चल म्हटलं तर नको म्हणाली. आपला झाला की बघीन, आधी बघितला आणि हातचा गेला तर मला सोसायचं नाही, असं तिचं म्हणणं.

मेल नीट पोचतो का हे कळायला घरचा एखादा पत्ता यादीत घालायची आमच्या धंद्यात पद्धत असते. मी श्रुतीचा घातला होता, माझ्या भागात. म्हणजे दर शुक्रवारी माझी नवी ओळ तिच्याकडे जायची. ती उघडायची, वाचायची, पण दाबायची नाही. संध्याकाळी मी विचारलं की म्हणायची, वाचली, छान आहे. शाळेतल्या पोराच्या वहीवर शेरा मारावा तसं. पिकतं तिथं विकत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

प्रसेनजीतची ओळ मात्र हलायला तयार नव्हती. मी तिच्यासमोर यमक लावून बघितलं, सवलत लावून बघितली, ‘त्वरा करा’ लावून बघितलं. दर सोमवारी मी हरायचो आणि तो बिचारा मान खाली घालून बसायचा, त्याचा मला जास्त राग यायचा. जिंकणाऱ्यानं निदान छाती तरी फुगवावी.

३

सॅम्पल फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. खालचे-वरचे मजले नुसत्या विटांचे, चौकटींना दारं नाहीत, आणि मधोमध हा एकच रंगवलेला, पडदे लावलेला. हॉलमध्ये सोफा, जेवायच्या टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं, फ्रिजला वीज नाही, शेगडीखाली सिलिंडर नाही. पलंगाच्या गादीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. पण भाऊसोंनी तिथं रीतसर वास्तुशांत करून घेतली होती, त्यामुळे नियम कडक: चपला दाराबाहेर. यल्लव्वा नावाची कर्नाटक सीमेकडची बाई झाडलोट करायची आणि आलेल्यांना पाणी द्यायची.

माझ्या ओळीवर येणारी माणसं मला लगेच ओळखू यायची. ती भिंतीवर टकटक करायची, बाथरूमचा नळ सोडून बघायची, भाव पाडायची आणि चहा न घेता जायची. प्रसेनजीतची माणसं वेगळी. ती काही विचारायचीच नाहीत. आत यायची आणि बसायची. एका बाईंनी टेबलावरची सफरचंदं उचलून पदरानं टेबल पुसलं आणि पुन्हा जागच्या जागी ठेवली. एक जाडजूड गृहस्थ अंधाऱ्या बेडरूममध्ये शिरले आणि भिंत न चाचपता बरोबर बटणावर हात ठेवला. गप्प असायची सगळी, पण चेहऱ्यावर समाधान. त्यांना उठवायला यल्लव्वाला झाडू काढावा लागायचा.

आणि ती निघायची ती अनवाणी.

पहिल्यांदा वाटलं, एखादा विसरला असेल. मग दर रविवारी दाराबाहेर चपला उरायला लागल्या. कापशीच्या, बाटाच्या, बायकांच्या सपाता, लहान मुलांचे बूट. यल्लव्वानं भाऊसोंना विचारलं की हा ढीग ठेवू कुठं. भाऊसो खो-खो हसले. चपला गेल्या की पीडा गेली, असं आपल्याकडं म्हणतातच, लोकांना आमच्या दारात पीडा सोडून जावंसं वाटतं यापेक्षा मोठी जाहिरात कुठली, असं त्यांनी मलाच ऐकवलं.

माझ्या माणसांपैकी एकाचीही चप्पल त्यात नव्हती. मला त्याचंच वाईट वाटलं.

४

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हा सगळा प्रसेनजीतचा बनाव. जुन्या बाजारातून चपला आणायच्या, दारात मांडायच्या, माणसं फार आली असं भासवायचं. मी मंगळवारी भरदुपारी स्कूटर काढली आणि त्याला रंगेहाथ धरायला उचगावला गेलो.

साइटवर जेवणाची सुट्टी होती. यल्लव्वा खाली सावलीला बसली होती. मी किल्ली घेऊन वर चढलो. दाराशी चपला होत्या, पण ढीग नव्हता. जोड्या लावलेल्या होत्या, भिंतीकडेनं, अंगठे दाराकडे आणि टाचा जिन्याकडे. माणसं आत गेलेली असली की चपला अशा असतात. बाहेर पडताना आपण त्या पायानं फिरवून घेतो.

यल्लव्वाची शिस्त, म्हटलं. आणि किल्ली लावणार तोच आतून आवाज आला. भाकरी थापायचा. ओल्या पिठावर हाताचा पंजा पडतो तो, एका लयीत, मध्येच परात फिरवल्याची घरघर. त्यात कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं, भांडण नाही, तक्रार नाही, नुसती घरातली हाक.

खाली मजुरांच्या झोपड्या होत्या. आवाज तिथून वर चढत असणार, विटांच्या पोकळ मजल्यात आवाज कसाही फिरतो. मी दार उघडलं. आत कोणी नव्हतं. शेगडी कोरडी, परात कुठली असायला. फक्त सोफ्याच्या गादीत खळगा होता आणि मी हात लावला तर ती जागा उबदार लागली. खिडकीतून ऊन येत होतं. उन्हानं तापणारच.

दार ओढून घेतलं आणि दोन पायऱ्या उतरलो, तर भाकरी पुन्हा सुरू झाली. मी मागं वळलो नाही. प्रसेनजीतनं टेपरेकॉर्डर कुठं लपवला असेल याचाच विचार करत खाली आलो. मत्सराला अक्कल नसते, पण कल्पना फार सुचतात.

५

ऑफिसात येऊन मी त्याच्या माणसांपैकी एका प्राध्यापकांच्या घरी फोन लावला. फ्लॅट कसा वाटला असं विचारायचं निमित्त. मनातून मला ऐकायचं होतं की आम्ही आलोच नव्हतो.

फोन त्यांच्या पत्नीनं घेतला. हो, हे जाऊन आले, म्हणाल्या. चपला तिथंच राहिल्यात, पाठवून देऊ का, असं मी विचारलं. त्या आवाज खाली घेऊन म्हणाल्या, “चपलांचं जाऊ दे ओ. आमचे हे तिथनं आल्यापास्नं घरात पावण्यागत बसत्यात. खुर्चीच्या कडंला. पाणी मागून घेत्यात. काल मला म्हणाले, वहिनी, भाजी लई चांगली झालीया.”

मागून एक पुरुषी आवाज आला, कोणाचा फोन, माझ्यामुळे तुम्हाला त्रास नको. फार आदबशीर आवाज होता. बाईंनी फोन ठेवला.

नवरा-बायकोत काहीतरी बिनसलं असेल. कोल्हापुरात रुसवे असेच असतात, टोमण्यातून बोलायचं. मी स्वतःला हे समजावलं आणि समजलंही.

६

नवरात्र तोंडावर आलं आणि प्रसेनजीतनं नोकरी सोडली. भाऊसोंना त्यानं पुण्यात काम लागल्याचं सांगितलं. मला मात्र रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यावर घेऊन गेला. चहा त्यानं घेतला नाही.

“अतुलदादा, ती ओळ बंद करा,” तो म्हणाला.

मी म्हटलं, जिंकणारी ओळ बंद करायला मी काय खुळा आहे का.

“आईला मीच मेल दाखवला. तिचंच बोलणं म्हणून. लई खूश झाली आणि ऐतवारी भावाला घेऊन आली बघायला. तवापास्नं आमच्या दारात उभी राहती आणि विचारती, आत येऊ का. जिनं जन्मभर दुसऱ्यांना आत घेतलं ती.” तो रस्त्याकडे बघत होता. “परवा मला म्हणाली, तुमची आई दिसत न्हाय ओ, कुठं गेलीया?”

त्याचे डोळे भरले होते. माणसानं अशा वेळी खांद्यावर हात ठेवावा. मी मात्र हिशेब मांडत होतो. हा जाता जाता ओळ मारून जाणार, म्हणजे ती माझ्या हाती लागायला नको. आणि दुसरं, ते जास्त खरं होतं: याची आई निदान त्याच्या शब्दावर आली. माझी बायको आली नव्हती.

बघतो, म्हटलं. तो पेठ वडगावच्या वडापच्या जीपमध्ये बसून गेला. त्याच्या पायांत नव्या चपला होत्या, एवढं माझ्या लक्षात राहिलं.

७

दसऱ्याआधीच्या शुक्रवारी भाऊसो म्हणाले की आता दोन भाग नकोत. एकच ओळ, सगळ्यांना. कुठली ते तू ठरव. प्रसेनजीत गेलाय, जी जाईल ती तुझीच समजू.

मी माझी ओळ टाइप केली, वाचली, पुसली. पुन्हा टाइप केली. मग पुसली आणि लिहिलं, ‘आत या, घर तुमचंच हाय.’ आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसा मी त्या ओळीवर जाऊन बसलो. नेहमीप्रमाणे दाबून बघितली, माझंच नाव भरून, चालते आहे याची खात्री केली आणि मेल सोडला.

चहा गार व्हायच्या आत उत्तरं यायला लागली. त्यात श्रुतीचं नाव होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. माझं काळीज मात्र मिरची लागावी तसं झोंबलं. इतक्या महिन्यांत माझी एक ओळ तिनं दाबली नाही. जिच्यासाठी मी शब्द घासूनपुसून लिहिले, तिला पेठ वडगावच्या एका पोरानं दारात बसल्यासारखं ‘आत या’ म्हटलं आणि ही निघाली.

घरी गेलो तर ती दारातच उभी होती. गालावर रंग चढला होता. म्हणाली, “आजची ओळ कुणी लिहिली?”

“मी,” मी म्हणालो.

“मग हे असं आधीच का नाही बोलावलंस?”

आणि ती हसली. मोठ्यानं, पूर्वीसारखी. खालून मालकीणबाई खाकरल्या तरी हसत राहिली.

आता सांगायची वेळ होती. ओळ माझी नाही, त्याची आहे, आणि तो असं असं सांगून गेलाय. एवढं सांगितलं असतं तर ती गेली नसती, कारण ती माझ्या शब्दावर निघाली होती. ते हसू माझं राहिलं नसतं, त्याचं झालं असतं. मी म्हटलं, रविवारी गर्दी असते, पुढच्या वेळी जाऊ. ती म्हणाली, बोलावतोस आणि नको म्हणतोस, तुझं मला काही कळत नाही.

रविवारी ती हिरवी साडी नेसून आली. दारात चपला काढल्या आणि आत गेली. मी दुसऱ्या मंडळींना गॅलरीतून खालचं पार्किंग दाखवायच्या नावाखाली दूर राहिलो, पण नजर तिच्यावर होती. तिनं पदर खोचला. स्वयंपाकघरातले रिकामे डबे काढून दुसऱ्या फळीवर लावले. मग बेडरूममध्ये गेली आणि तिथं ती कोणाशी तरी बोलली. शब्द कळले नाहीत. त्या खोलीत दुसरं कोणी गेलेलं मी बघितलं नव्हतं. मी धावत गेलो तेव्हा ती खिडकीशी एकटीच होती आणि पडदा सारखा करत होती.

संध्याकाळी निघताना ती स्वतःच्या चपलांवरून सरळ पुढं गेली. मी उचलून तिच्यासमोर धरल्या. “राहू देत,” म्हणाली. स्कूटरवर माझ्या खांद्यावर हात टाकून बसायची तिची सवय. त्या दिवशी तिनं मागचा दांडा धरला आणि आमच्यात एक माणूस बसेल एवढी जागा ठेवली.

घराशी आल्यावर ती उंबऱ्याबाहेर थांबली. मी ये म्हटल्यावर आत आली. खाटेच्या कडेला बसली, पर्स मांडीवर घेऊन. सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, “छान आहे तुमचं घर.”

मला वाटलं चेष्टा करते. मी हसलो. तीही हसली, ओठ मिटून, पाहुण्यांच्या घरी हसतात तसं. मग विचारलं, “पाणी मिळेल का?”

८

शाळेत ती नीट शिकवत होती. आजारी नव्हती, रागावलेली नव्हती. मी केलेला चहा पिऊन आभार मानायची. रोज संध्याकाळी उठून उभी राहायची, म्हणायची, येते आता, बराच उशीर झाला, आणि दारापर्यंत जाऊन परत येऊन बसायची, कारण कुठं जायचं ते तिला आठवत नसायचं. मी तिच्यापुढं सगळं बोललो. ओळ त्याची होती हेसुद्धा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुमच्या मिसेसना सांगा हे. त्यांना बरं वाटेल.”

दसऱ्याला भाऊसोंनी पेढ्यांसोबत कागद आणि किल्ली माझ्या हातात दिली. “नाद खुळा लिहितोस गड्या,” म्हणाले. चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रुतीला सकाळी घरी खाटेच्या कडेला बसलेली सोडून आलो होतो. मी थेट स्कूटर काढली. सोनं लुटायला लोक दसरा चौकाकडे निघाले होते, सगळा रस्ता उलट्या दिशेनं वाहत होता.

साइटवर शुकशुकाट होता. दुपारचं ऊन जिन्यात पायरी-पायरीवर पडलं होतं. तिसऱ्या मजल्यावर चपलांची रांग आता खालच्या वळणापर्यंत आली होती. दाराच्या अगदी जवळ श्रुतीच्या होत्या. त्यांना चिकटून पुरुषाचा एक जोड, कडा झिजलेला, डाव्या पायाचा अंगठा शिवलेला. तो कोणाचा हे मला माहीत होतं. मी खाली बघितलं. माझ्या पायांत माझ्याच चपला होत्या, तशाच झिजलेल्या, तशाच शिवलेल्या.

आत भाकरी थापली जात होती. आणि श्रुती हसत होती. मोठ्यानं, थांबून-थांबून, समोरचा माणूस काहीतरी गमतीचं सांगत असावा तसं. एवढं हसवायला मला कधी जमलं होतं?

किल्ली खिशात असताना मी दार वाजवलं.

हसणं थांबलं. पैंजणांचा आवाज जवळ आला. दार वीतभर उघडलं. तीच होती. हिरव्या साडीचा पदर खोचलेला, हाताला कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घामानं केस चिकटलेले. तिच्या खांद्यावरून मला टेबलाची कड दिसली, वाफाळणारं ताट दिसलं आणि जेवायला बसलेल्या माणसाची पाठ. माझा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. मानेवरचे केस, जे मला स्वतःला कधी दिसत नाहीत. तो भाकरी मोडत होता, घाई नव्हती त्याला कसलीच.

भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, जिन्यात. त्या क्षणी मी नुसता जळत होतो. त्याच्या ताटावर, त्याच्या पाठीवर, ती त्याच्यासाठी पीठ मळत होती त्यावर.

“कोण पाहिजे, पावणं?” श्रुतीनं विचारलं.

शब्दांवर पोट भरणारा माणूस मी. माणसांना घराबाहेर काढून दारात आणून उभं करणारा. माझ्या तोंडून एवढंच आलं, “श्रुती, घरी चल.”

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. ओळख लागतेय का ते मनापासून बघितलं. आतून तो म्हणाला, “कोण हाय गं?” आवाज माझाच, पण त्यात माझी किरकिर नव्हती.

“कोण न्हाय रे, अतुल,” ती मागं वळून म्हणाली. “पत्ता चुकल्यात.”

माझ्याकडे बघून ती ओशाळं हसली आणि दार हळू लावून घेतलं, पाहुण्याला वाईट वाटू नये अशा बेतानं. आतून कडी लागली. ती ‘आत या’ म्हणाली नाही.

मी बराच वेळ तिथंच उभा होतो. किल्ली खिशात होती, कागदावर नाव माझं होतं. पण दुसऱ्याच्या संसारात किल्ली लावून शिरायचं कसं?